रिकाम्या दिवसाचीही पोस्ट हवी

फील्डवरून टाकलेली चार ओळींची पोस्ट ही संशोधनाची नोंद असते की संशोधनाची जाहिरात? जंगलात, समुद्रावर, हिमनद्यांवर, उत्खननाच्या खड्ड्यात काम करणारे असंख्य अभ्यासक आज अशा पोस्ट टाकतात आणि त्यांच्याकडे बघण्याच्या दोन ठरलेल्या नजरा आहेत. अनेक ज्येष्ठांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. खरं काम नोंदवहीत होतं, निबंधात छापलं जातं, मधलं सगळं मिरवणं, असं त्यांचं म्हणणं. संस्थांच्या प्रसिद्धी विभागांना मात्र अशा पोस्ट हव्याच असतात, फक्त फोटो देखणा पाहिजे. मला दोन्ही नजरा सारख्याच अपुऱ्या वाटतात, कारण दोन्हींच्या लेखी पोस्ट ही संशोधनाबाहेरची वस्तू आहे. माझं मत असं की ती संशोधनाच्या आतलीच गोष्ट आहे, आणि म्हणून नोंदवहीला जे नियम लागू होतात ते तिलाही लागू झाले पाहिजेत. त्यातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित नियम म्हणजे, काहीच सापडलं नाही त्या दिवशीही लिहायचं.

हा नियम किती मोलाचा आहे ते जोसेफ ग्रिनेल यांच्या कामातून दिसतं. कॅलिफोर्नियात बर्कली इथे १९०८ साली पृष्ठवंशीय प्राण्यांचं संग्रहालय सुरू झालं, त्याचे ते पहिले संचालक. त्यांनी सहकाऱ्यांना लिहिण्याची कडक शिस्त लावली होती. दिवसभर छोट्या वहीत टिपणं करायची आणि मुक्कामावर परतल्यावर त्यांवरून तारीखवार रोजनिशी लिहायची. कुठे थांबलो, जागा किती उंचीवर, झाडोरा कसा, हवा कशी, किती सापळे लावले, किती रात्री लावले, कशात काय आलं. १९१४ ते १९२० या काळात त्यांच्या चमूने कॅलिफोर्नियातल्याच योसेमिटीचा डोंगराळ परिसर असा पिंजून काढला. या साऱ्याची खरी किंमत कदाचित शंभर वर्षांनी कळेल, असं ग्रिनेल यांनी १९१० सालीच लिहून ठेवलं होतं. पुढे २००३ पासून त्याच संग्रहालयातले अभ्यासक ती टिपणं हातात घेऊन त्याच ठिकाणांवर गेले. २००८ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अभ्यासलेल्या २८ लहान सस्तन प्राण्यांपैकी निम्म्यांच्या वावराच्या सीमा सुमारे ५०० मीटरने वर सरकल्या होत्या.

यातली खरी मेख सापळ्यांच्या आकड्यात आहे. समजा, एखादा उंदीर आज उंचावरच्या एका ठिकाणी सापडतो आणि जुन्या यादीत तिथे त्याचं नाव नाही. तो तेव्हा तिथे नव्हता, की होता पण सापळ्यात आला नाही, की तिथे कोणी सापळाच लावला नव्हता? नुसती सापडलेल्या प्राण्यांची यादी असती तर या प्रश्नाला उत्तरच नव्हतं. पण इतके सापळे, इतक्या रात्री असं लिहून ठेवलेलं होतं, म्हणून तो प्राणी नजरेतून सुटण्याची शक्यता किती हे गणिताने काढता आलं. रिकाम्या सापळ्यांची नोंद होती म्हणून भरलेल्या सापळ्यांना अर्थ आला.

नोंद अपुरी राहिली की काय होतं याचं उदाहरण खुद्द डार्विन यांचं आहे. १८३५ साली गॅलापागोस बेटांवर त्यांनी जे फिंच पक्षी गोळा केले, त्यांच्या चिठ्ठ्यांवर कोणता पक्षी कोणत्या बेटावरचा हे नीट लिहिलेलं नव्हतं. हा तपशील निर्णायक आहे हे इंग्लंडला परतल्यावर ध्यानात आलं, आणि मग जहाजावरच्या इतरांनी स्वतःसाठी जमवलेल्या पक्ष्यांवरून बेटांचा हिशोब लावावा लागला. फील्डवर जे त्या क्षणी लिहिलं जात नाही, ते नंतर कितीही बुद्धी खर्चून पुरतं परत मिळत नाही.

समाजमाध्यमांवरच्या फील्डपोस्ट या कसोटीला लावल्या तर बहुतेक उतरत नाहीत. नेहमीचा नमुना असा : 'अखेर सापडला! आठवडाभर चिखल तुडवल्याचं सार्थक झालं.' सोबत बेडकाचा जवळून घेतलेला सुरेख फोटो. त्यामागचा आनंद खरा आहे, त्याला कोणी नावं ठेवू नयेत. पण नोंद म्हणून हाती काय लागलं? एक फोटो आणि एक तारीख, तीही बहुधा बेडूक दिसल्याची नाही, नेटवर्क मिळाल्याची. आता तेवढ्याच जागेत लिहिता येईल अशी दुसरी पोस्ट पाहा :

'प्लॉट ७. रात्री ७.४० ते ९.१०. दोघे जण, ओढ्याकाठची ठरलेली ४०० मीटरची वाट. पाऊस थांबून तासभर झालेला, वारा नाही. शोधतोय तो बेडूक : ०. एकदा आवाज आल्यासारखं वाटलं, खात्री नाही, रेकॉर्डिंग तपासायचं आहे. या वाटेवरची ही तिसरी फेरी.'

ही पोस्ट एक्सच्या (पूर्वीच्या ट्विटरच्या) २८० अक्षरांत आरामात बसते, आणि तिच्यातला एकही शब्द भरतीचा नाही. किती माणसांनी किती वेळ शोधलं ते कळतं, म्हणून त्या शून्याला वजन आहे. हवा कळते, म्हणून बेडूक ओरडायला रात्र अनुकूल होती की नव्हती याचा अंदाज बांधता येतो. तिसरी फेरी म्हटल्यामुळे आधीच्या दोन फेऱ्यांच्या नोंदी शोधता येतात. आणि ते 'खात्री नाही' मला सर्वांत मोलाचं वाटतं. छापील निबंधात हा टप्पा जवळपास कधीच दिसत नाही. तिथे आवाज एकतर नोंदला गेलेला असतो किंवा वगळला गेलेला असतो, आणि मधली घालमेल संपादनात धुऊन निघते. पुढच्या अभ्यासकाला मात्र हीच घालमेल हवी असते : कोणत्या जातीच्या आवाजाशी गल्लत होते, कोणत्या वेळी कान फसतात, कोणतं यंत्र दमट हवेत दगा देतं.

अशा पोस्ट कोणी वाचणार नाही, हा आक्षेप मला मान्य नाही. शेजारच्या खोऱ्यात तोच बेडूक शोधणारी तुकडी वाचेल आणि पुढच्या हंगामात कुठे वेळ घालवायचा ते ठरवेल. दहा वर्षांनी त्या जातीचा आढावा घेणारा वाचेल. शिवाय शून्याला किंमत देणारी व्यवस्था उभी राहू शकते हे पक्षीनिरीक्षकांनी दाखवून दिलं आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीशास्त्र प्रयोगशाळेने ऑड्युबॉन या संस्थेसोबत २००२ साली सुरू केलेल्या ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना एक साधा प्रश्न विचारला जातो : ओळखू आलेले सगळे पक्षी या यादीत आले आहेत का? उत्तर 'हो' असेल तर यादीत नसलेला प्रत्येक पक्षी त्या वेळी त्या जागी नोंदला गेला नाही, ही माहितीसुद्धा आपोआप जमा होते. सोबत किती वेळ आणि किती अंतर चाललात तेही भरायचं असतं. एका प्रश्नाने हौशी माणसांच्या याद्या अभ्यासाच्या कामी आल्या. व्यावसायिक संशोधकांच्या पोस्टनी हौशी लोकांपेक्षा ढिलं असावं याला कारण नाही.

वेळेचाही मुद्दा आहे, आणि तो पोस्टच्या बाजूने जातो. नव्या जातीचा पहिला नमुना गोळा झाल्यापासून तिचं वर्णन छापून येईपर्यंत सरासरी सुमारे २१ वर्षं जातात, असं २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. नमुने कपाटात पडून राहतात, जाणकार निवृत्त होतात, जंगल तोवर उभं राहतंच असं नाही. इतक्या मोठ्या पोकळीत फील्डवरचं काहीच जगासमोर येऊ नये हे मला परवडणारं वाटत नाही. त्याच वर्षी मलेशियातल्या एका छायाचित्रकाराने फ्लिकरवर टाकलेल्या फोटोवरून 'सेमाक्रायसा जेड' ही जाळीदार पंखांच्या कीटकाची नवी जात जाहीर झाली. कॅलिफोर्नियातल्या एका कीटकतज्ज्ञाला तो फोटो सहज दिसला, पंखांवरची नक्षी ओळखीची वाटेना. त्याने नमुना मागितला, पण कीटक तर फोटो काढल्यावर उडून गेला होता. जवळपास वर्षभराने त्याच परिसरात तो पुन्हा सापडला, लंडनच्या संग्रहालयात पडून असलेला एक जुना नमुना जुळला, आणि मग वर्णन छापलं गेलं. पोस्टने दोन अनोळखी माणसांची गाठ घालून दिली, जात सिद्ध केली ती हाताळता येणाऱ्या नमुन्याने. पोस्टची ताकद आणि तिची मर्यादा इतक्या स्वच्छ एका जागी क्वचित दिसतात.

छोट्या पोस्टमध्ये युक्तिवाद मावत नाही असंही म्हटलं जातं. मंगळावर उतरलेल्या फिनिक्स यानाच्या नावाने नासाची मंडळी २००८ साली ट्विटरवर लिहीत होती, तेव्हा मर्यादा अवघी १४० अक्षरांची होती. जूनमध्ये यानाने खणलेल्या चरात पांढरे तुकडे दिसले, चार दिवसांनी त्यातले काही नाहीसे झाले. मीठ असं उडून जात नाही, बर्फ जातो. हा तर्क शाळकरी मुलांनाही कळतो, आणि बर्फ सापडल्याची बातमी त्या खात्यावरून लोकांपर्यंत पोचली.

पण जे पाहिलं ते आणि त्यावरून जे ठरवलं ते, या दोहोंत पोस्ट टाकणाऱ्याने भिंत घातली पाहिजे. दक्षिण आफ्रिकेतल्या रायझिंग स्टार गुहेची कहाणी या बाबतीत दोन्ही बाजूंनी शिकवते. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये पुरामानवशास्त्रज्ञ ली बर्जर यांनी फेसबुकवरून आवाहन केलं : गुहेत उतरण्याचा अनुभव असलेले, अंगाने बारीक आणि अशा कामात मुरलेले शास्त्रज्ञ हवेत. वाट एके ठिकाणी जेमतेम १८ सेंटीमीटर रुंद होती. सहा महिला शास्त्रज्ञ निवडल्या गेल्या आणि नोव्हेंबरमधलं उत्खनन जवळजवळ रोजच्या रोज लोकांना सांगितलं गेलं. एक सांगाडा मिळेल या अपेक्षेने सुरू झालेल्या कामात हाडांची संख्या कशी वाढत गेली, वर तंबूत पडद्याकडे डोळे लावून बसलेली माणसं खालच्यांशी कशी बोलत होती, हे जगाने जवळून पाहिलं. मात्र मानवकुळातला हा प्राणी कोण, याचं उत्तर तेव्हा दिलं गेलं नाही. होमो नालेडी हे नाव सप्टेंबर २०१५ मध्ये, दीड हजारांहून अधिक अवशेषांच्या अभ्यासानंतर, ईलाइफ या नियतकालिकात आलं. मला हा क्रम आदर्श वाटतो.

२०२३ च्या जूनमध्ये त्याच चमूने होमो नालेडी आपले मृत पुरत होते असा दावा जाहीर केला. निबंध परीक्षणातून बाहेर पडण्याआधीच त्याचा मोठा गाजावाजा झाला, आणि पहिल्या फेरीत परीक्षकांनी पुरावा अपुरा ठरवला. दावा पुढे टिकेल की नाही हा स्वतंत्र विषय. माझा मुद्दा क्रमाचा आहे. 'आज या थरात हाडं अशी पडलेली दिसली, हा फोटो, ही मोजपट्टी' असं लिहिलं तर उद्या निष्कर्ष बदलला तरी ती नोंद खरीच राहते. 'ही दफनभूमी आहे' असं लिहिलं की पोस्ट निष्कर्षाच्या नशिबाला बांधली जाते, आणि तो मागे घ्यायची वेळ आली तर दुरुस्ती पहिल्या बातमीइतकी पसरत नाही.

त्याच कारणाने दुरुस्तीचीही रीत ठरलेली हवी. जुनी पोस्ट काढून टाकायची नाही, तिच्याखालीच तारीख घालून लिहायचं : ओळख चुकली होती, हा अमुक नसून तमुक आहे, अमक्या लक्षणावरून कळलं. कागदी नोंदवहीत चुकीच्या ओळीवर एकच रेघ मारतात, खालचं अक्षर वाचता यावं म्हणून. खोडरबर वापरत नाहीत.

जागा सांगण्याबाबत मात्र नोंदवही आणि पोस्ट यांच्यात फरक केलाच पाहिजे, आणि इथे मी पोस्टवाल्यांपेक्षा कडक आहे. चीनच्या दक्षिण भागातली गोनियुरोसॉरस लुई ही पाल १९९९ साली शास्त्रीय निबंधातून जगाला कळली. निबंधात ठिकाण होतं. पाळीव सरीसृपांच्या बाजारात तिला प्रचंड मागणी आली आणि ज्या ठिकाणाहून तिचं वर्णन झालं होतं तिथून ती पकडून पकडून संपवली गेली. २०१५ साली याच प्रजातीकुळातल्या दोन नव्या जातींचं वर्णन करताना शास्त्रज्ञांनी ठिकाण छापलंच नाही. १९९९ च्या काळात निबंध मूठभर लोक वाचत, तरी हे घडलं. पोस्ट तर काही मिनिटांत कुठेही पोचते, आणि मागची डोंगरकड, एखादा ओळखीचा कडा, फोटोत दडलेले जीपीएसचे आकडे, यांतून ठिकाण शोधून काढणारे लोक तयार बसलेले असतात. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर धोक्यातल्या जातींची जागा आपोआप अस्पष्ट केली जाते. नकाशावरचा ठिपका ०.२ अंशांच्या चौकोनात कुठेही पडलेला दिसतो, खरे आकडे आत सुरक्षित राहतात. फील्डवरून लिहिणाऱ्याने हेच हाताने करावं : वहीत नेमकी जागा, पोस्टमध्ये फक्त प्लॉटचा क्रमांक, आणि संवेदनशील जातीची पोस्ट तुकडी तिथून हलल्यावर. घरट्यावर, विणीच्या जागेवर, उघड्या पडलेल्या जीवाश्मावर तर पोस्टच नको. लाइक कितीही मिळोत.

माणसांबद्दल याहून जास्त जपायला हवं. दक्षिण आफ्रिकेतल्या सान आदिवासींनी २०१७ साली संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली. आपल्या घरांत राहणाऱ्या व्यक्तींचे, अंगावर पाजणाऱ्या आयांचे, लहान मुलांचे फोटो आपल्या चालीरीतींकडे दुर्लक्ष करून काढले गेले, ही तक्रार त्यांनी तिच्यात स्पष्ट नोंदवली आहे. कागदावरच्या एका सहीने पाच वर्षांच्या अभ्यासाला दिलेली संमती आजच्या पोस्टला लागू होत नाही. ज्याचा चेहरा, ज्याचं शेत, ज्याची गोष्ट दाखवायची आहे, त्याला त्याच्या भाषेत ती पोस्ट वाचून दाखवायची आणि मग टाकायची. याला वेळ लागतो. लागू दे. आणि वाट दाखवणारा, झाडावर चढणारा, पावलांचे ठसे आधी ओळखणारा स्थानिक सहकारी, ज्याचं नाव निबंधात फार तर आभारात येतं, त्याची हरकत नसेल तर पोस्टमध्ये त्याचं नाव पहिल्या ओळीत यावं. कोणी पाहिलं हे नोंदीचं मूळ अंग आहे.

आता राहिला टिकण्याचा प्रश्न. इथे पोस्टचे टीकाकार बरोबर आहेत. गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये सामान्य वापरकर्त्यांसाठी बंद झालं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१० साली ट्विटरवरचा सगळा सार्वजनिक मजकूर जतन करायचं ठरवलं होतं, पण २०१८ पासून सरसकट साठवण थांबवून मोजकंच ठेवायला सुरुवात केली. २०२३ मध्ये ट्विटरची मोफत एपीआय सेवा (प्रोग्रॅमच्या मदतीने मजकूर एकगठ्ठा उतरवून घेण्याची सोय) बंद झाली, तेव्हा त्या मजकुरावर अभ्यास करणाऱ्यांचे अनेक प्रकल्प एका फटक्यात अडले. खाजगी कंपनीच्या मर्जीवर चालणाऱ्या जागी संशोधनाची एकमेव प्रत ठेवणं हा बेजबाबदारपणा आहे. उपाय मात्र अवघड नाही. पोस्ट आधी स्वतःच्या फाइलमध्ये लिहायची, तिथून उचलून टाकायची, आणि हंगाम संपला की सगळ्या पोस्ट फोटोंसह एकत्र करून झेनोडोसारख्या खुल्या भांडारात जमा करायच्या. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी संशोधन संस्थेने २०१३ पासून चालवलेलं हे भांडार जमा केलेल्या प्रत्येक गठ्ठ्याला कायमचा ओळख क्रमांक देतं. मग ती पोस्टमाला निबंधात संदर्भ म्हणून देता येते आणि मूळ माध्यम उद्या बुडालं तरी बिघडत नाही.

हे सगळं करायचं कोणी? आज हे ओझं बहुतेक ठिकाणी गटातल्या सर्वांत तरुण विद्यार्थ्यावर पडतं, कारण 'तुला ते जमतं'. दिवसभर फील्ड, रात्री नमुन्यांच्या चिठ्ठ्या, आणि त्यावर पोस्ट, ज्याचं श्रेय बायोडेटात कुठेच नाही. हे अन्यायाचं आहे आणि टिकणारंही नाही. पोस्ट जर नोंद असेल तर ती लिहिणं हे कामाच्या तासांत मोजलं गेलं पाहिजे, गटप्रमुखाने तिच्यावर नोंदवहीइतकीच नजर ठेवली पाहिजे, आणि जमा केलेल्या पोस्टमालेवर लिहिणाऱ्याचं नाव लेखक म्हणून गेलं पाहिजे. ज्यांना समाजमाध्यमांवर यायचंच नाही, त्यांच्यावर सक्ती नको. विशेषतः स्त्री संशोधकांना एकट्या फील्डवर असताना आपला ठावठिकाणा कळू द्यायचा नसतो, आणि त्यांचा हा निर्णय कोणी प्रश्न न विचारता मान्य करावा. त्यांच्या नोंदी हंगामानंतर एकत्र खुल्या करता येतात.

लोकांच्या पैशावर चालणाऱ्या प्रकल्पांकडून अंतिम अहवाल घेतलाच जातो. त्यात किती निबंध छापले हा रकाना असतो, किती नमुने गोळा केले हाही असतो. निधी देणाऱ्यांनी त्यात आणखी दोन आकडे मागावेत : एकूण फेऱ्या किती झाल्या, आणि ज्यांत काही सापडलं नाही अशा किती फेऱ्यांची नोंद खुली आहे.